आधी पाणी दाखवा

“मासा वर येऊन तोंड उघडझाप करतोय, कोणतं औषध घालू?” शोभिवंत माशांच्या या छोट्या दुकानात हा प्रश्न सतत कानावर येतो. काका औषधाचं नाव सांगत नाहीत. “टाकीतलं पाणी आणलंय?” एवढंच विचारतात. बहुतेकांनी आणलेलं नसतं. मासा मात्र पिशवीत घालून आणलेला असतो, म्हणजे आधीच धापा टाकणाऱ्याला रिक्षातून फिरवलेलं.

मग चौकशी सुरू होते. सगळेच मासे वर येतात की एकटाच? पहाटे जास्त होतं का? सगळे वर येत असतील तर संशय पाण्यावर. पाणी २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवतं, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. मे महिन्यात खच्चून भरलेल्या टाकीत एअरपंप बंद पडला की मासे वर येणारच. (फायटर आणि गुरामी मुळातच वर येऊन हवा घेतात, त्यांना कुणी औषध पाजू नये.) एकच गोल्डफिश एका बाजूचं कल्ल्याचं झाकण मिटून बसला असेल, मधूनच दगडाला अंग घासत असेल, तर गोष्ट वेगळी.

चाचणीच्या नळीत थेंब पडतात. पिवळं पाणी हिरवं झालं की अमोनिया आहे. “फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला का?” काका विचारतात आणि गिऱ्हाईक गप्प होतं. क्लोरीनने स्पंजातले उपयोगी जिवाणू मेले, की माशांच्या उत्सर्गातला अमोनिया साचत जातो आणि कल्ले भाजून काढतो. पीएच आठच्या वर असेल तर तो जास्तच जहाल. उपाय साधा आहे: खाणं बंद, हवा वाढवायची, अँटीक्लोरीन घातलेल्या पाण्याने टाकीतलं तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. कल्ले तपकिरी दिसले तर नायट्राइट. मग लिटरला एक ग्रॅम मीठ, कारण मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. निळ्या औषधाची बाटली अमोनियावर कुचकामी. माझ्या मते निदानाआधी औषध ओतण्यानेच बरेच मासे दगावतात.

पाणी स्वच्छ निघालं तरच सूक्ष्मदर्शकाची पाळी. लवंगतेलाच्या हलक्या द्रावणात मासा सुस्त करून, ओल्या हाताने धरून झाकण उचलायचं. आत लालभडक झालर दिसायला हवी. इथे ती फिकट, चिकट शेंबडाने माखलेली. काका बारीक कात्रीने दोन-तीन तंतूंची टोकं कापतात आणि मासा लगेच ताज्या पाण्यात सोडतात. काचपट्टीवर टाकीच्याच पाण्याचा थेंब. भिंगाखाली तंतूंच्या कडेला काहीतरी आखडतं, ताणतं, पुन्हा आखडतं. पुढच्या टोकाला चार काळे ठिपके, हे त्याचे डोळे. मागच्या टोकाला आकडे, कल्ल्यात रुतलेले. हा डॅक्टिलोगायरस, कल्ल्यातला चपटा कृमी.

याच्यावर प्राझिक्वॉन्टेल, लिटरला दोन-अडीच मिलिग्रॅम. पण हा कृमी अंडी घालतो आणि अंड्यांवर औषध चालत नाही. म्हणून ती उबून पिल्लं बाहेर आली, की ती मोठी होऊन पुन्हा अंडी घालण्याआधी दुसरी मात्रा द्यावी लागते. उबदार पाण्यात अंडी काही दिवसांतच उबतात, तेव्हा साधारण आठवड्याने. मासा दुसऱ्याच दिवशी टुणटुणीत दिसतो आणि लोक तिथेच थांबतात. दुसऱ्या मात्रेचे पैसे काका म्हणूनच आधी घेतात. पुडी घरात असली की टाकली जाते, असा त्यांचा हिशोब.