भंगारातून परतलेले डाकोटा



धानाची मळणी आटोपली की आपल्या गावांतून भंगारवाल्याची फेरी सुरू होते. कोठ्यातला फुटका पंप, गंजलेले इंजिन तराजूवर चढते. चार पैसे हाती येतात, जागाही मोकळी होते. आज मी आपणांस अशाच भंगारात निघालेल्या एका विमानाची हकिकत सांगणार आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याला विमानाशी काय कर्तव्य, असे आपण म्हणाल. पण थोडे शेवटपर्यंत वाचावे.

पडेल ते काम

डाकोटा हे दोन इंजिनांचे विमान. त्याचा मूळ नमुना अमेरिकेत १७ डिसेंबर १९३५ रोजी प्रथम उडाला. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी अशी हजारो विमाने बांधली गेली. पंखांची लांबी ९५ फूट, प्रत्येक इंजिन सुमारे १२०० अश्वशक्तीचे. २८ सैनिक किंवा पावणेतीन टन माल घेऊन ते उडे. त्याला सिमेंटची धावपट्टीच हवी असे नाही, टणक मैदानही चाले. आपला बैल जसा नांगराला, वखराला आणि गाडीलाही जुंपता येतो, तसेच हे विमान. माणसे, दारूगोळा, धान्य, जखमी, सारे त्याने वाहिले.

विदर्भालाही ते अनोळखी नाही. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि माघारी जात. सुरुवातीच्या वर्षांत हे काम डाकोटांनी केले. आपले दोन्ही जिल्हे तेव्हा मिळून एकच चांदा जिल्हा होता.

लढाईतील कामगिरी

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे जवान डाकोटांतून श्रीनगरला उतरले. त्यांचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी धारातीर्थी पडले. पण विमानतळ हाती राहिला आणि मागून कुमक येत राहिली. पुढे २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी अकरा हजार फुटांहून उंच असलेल्या लेहला डाकोटा उतरवले. तेथील धावपट्टी सोनम नोरबू या लडाखी इंजिनिअरने स्थानिक लोकांच्या मदतीने तयार केली होती.

११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईलजवळ दुसरी पॅराशूट पलटण विमानांतून उतरली. त्या ताफ्यातही डाकोटा होती. या पलटणीचे मूळ मराठा लाइट इन्फंट्रीत आहे, हे मुद्दाम लक्षात घ्यावे.

पुन्हा आकाशात

पुढे नवी विमाने आली आणि डाकोटा हवाई दलातून निवृत्त झाली. त्यांतल्या एका वैमानिकाचे, एअर कमोडोर एम. के. चंद्रशेखर यांचे, पुत्र राजीव चंद्रशेखर यांना २०११ साली आयर्लंडमध्ये भंगारात निघालेले एक डाकोटा आढळले. त्यांनी ते विकत घेतले, ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतले आणि हवाई दलाला भेट दिले. एप्रिल २०१८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने उडत भारतात आले. ४ मे २०१८ रोजी हिंडन येथे ते हवाई दलात समारंभपूर्वक दाखल झाले. नाव ठेवले ‘परशुराम’. श्रीनगरला पहिली तुकडी नेणाऱ्या डाकोटाचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याला दिला. हे विमान ते नव्हे, पण त्या कामगिरीची आठवण त्याने जपली आहे.

असे यंत्र टिकवणे सोपे नसते. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर गोलाकार बसवलेले असतात. विमान उभे राहिले की खालच्या सिलिंडरांत तेल झिरपून साचते. तसेच चालू केले तर इंजिन मोडण्याची भीती. म्हणून आधी पंखा हाताने फिरवून पाहतात.

आपल्या घरचे

आता माझी चूक सांगतो. वडिलांनी पै-पै जमवून ऑइल इंजिन घेतले होते. त्याच्या पाण्यावर आमच्या बांधीतले धान वाचले आणि माझे शिक्षणही झाले. वीज आली तसे ते सांदवाडीत पडले. मी कृषी खात्यात नोकरीला, गावोगाव यंत्रांची देखभाल शिकवणारा. पण घरचे इंजिन चार पावसाळे उघड्यावर राहिले आणि शेवटी मीच ते वजनावर विकले. वडील काही बोलले नाहीत. हँडल मात्र त्यांनी आधीच काढून ठेवले होते. ते अजून आमच्या खुंटीला आहे.

तरी बंधूंनो, बंद इंजिनातले पाणी काढून टाकावे, जुने तेल बदलावे, धुराड्याचे तोंड झाकावे आणि इंजिन फळ्यांवर, छपराखाली ठेवावे. पंधरा दिवसांनी एकदा हँडलने फिरवावे. कोणी घेतले, कोणत्या साली, त्यावर काय पिकले, हे वहीत लिहून ठेवावे. गावात जुने सैनिक असतील तर त्यांच्याकडील फोटोंमागे नावे लिहून घ्यावीत. सारेच ठेवता येणार नाही, हे मलाही कळते. पण तराजू लावण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारावे.