श्वासाचे स्नायू – ७ : मण्यार चावलेला आधी घरी कसा गेला?

श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणाबद्दल या आठवड्यात लिहिणार होतो. ते पुढच्या वेळी. कळंबहून एका वाचकाचं पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही.

त्यांचे वडील न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात होते, बारा दिवस व्हेंटिलेटरवर. शेजारच्या खाटेवर मण्यार चावलेला तरुण. आला तेव्हा त्याची पापणीही हलत नव्हती. पण दहा दिवसांत तो चालत घरी गेला. वडिलांना मात्र दीड महिन्यानंतरही मोरीपर्यंत गेलं की धाप लागते. ते विचारतात, “मशीन तेच, मग असं का? आमचंच काही करायचं राहिलं का?”

नाही. श्वास दोघांचाही अडला, पण बिघाड वेगवेगळ्या जागी होता.

मण्यार काय चीज आहे, हे जुन्नर-आंबेगावात कुणाला सांगायला नको. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावतो, फारसं दुखत नाही, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटायला लागतात, आवंढा गिळवत नाही. नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत वर्षानुवर्षं असे रुग्ण वाचवत आले आहेत. या विषाचा मारा स्नायूवर नसतो. मज्जातंतूच्या ज्या टोकातून स्नायूला आकुंचनाचा रासायनिक निरोप जातो, ते टोकच ते निकामी करतं. प्रतिविष रक्तातलं विष निष्प्रभ करतं, पण बिघडलेलं टोक दुरुस्त करत नाही. ते शरीरालाच नव्याने घडवावं लागतं आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटरने निभावून नेलं, की निरोप पुन्हा सुरू होतो आणि खाली स्नायू बऱ्यापैकी शाबूत असतो.

वडिलांच्या बाबतीत स्नायूच झिजला. जंतुसंसर्ग रक्तात भिनला, की शरीर स्वतःच्या स्नायूंमधली प्रथिनं मोडू लागतं. कधी मज्जातंतूंनाही इजा होते. त्यात श्वासपटल, म्हणजे श्वासाचा मुख्य स्नायू, यंत्राच्या भरवशावर स्वस्थ पडून. 2008 साली अमेरिकेतल्या लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी मेंदूमृत अवयवदात्यांची श्वासपटलं तपासली. यंत्रावर 18 ते 69 तास गेले होते, तेवढ्यात तंतूंच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहून कमी झालं होतं. नुसत्या निष्क्रियतेची झीज काम मिळालं की भरून येते. संसर्गाने केलेली हानी भरायला महिने लागतात.

टोरांटोच्या डॉ. मार्गारेट हेरिज यांनी फुप्फुसाच्या गंभीर आजारातून वाचलेल्या 109 जणांचा वर्षभर पाठपुरावा करून 2003 साली निष्कर्ष मांडले. फुप्फुसं सहा महिन्यांत बहुतांशी पूर्ववत झाली होती. तरी वर्षानंतरही सहा मिनिटांत ही माणसं अपेक्षित अंतराच्या साधारण दोन तृतीयांशच चालू शकत होती. ‘एक्स-रे स्वच्छ आहे, मग दम का लागतो?’ असं घरोघरी विचारलं जातं. त्याचं उत्तर इथे आहे.

वडिलांसाठी एक करा. सकाळी त्यांना ताठ बसवा, खोल श्वास घेऊ द्या आणि त्याच एका दमात, एकाच लयीत, मोठ्याने आकडे मोजायला सांगा. कुठे थांबले ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहा. दोन-तीन आठवड्यांत आकडा चढताना दिसला, तर चाललंय ते बरोबर चाललंय. डॉक्टरांना विचारून रोज चार पावलं वाढवा. पथ्य नसेल तर अंडी, डाळ, दूध हात राखून देऊ नका.

आकडा घसरू लागला, उताणं झोपल्यावर दम कोंडला, श्वास आत घेताना पोट फुगण्याऐवजी खपाटीला गेलं, खोकला पोकळ झाला किंवा सकाळी डोकं दुखून गुंगी राहिली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठा. आणि त्या तरुणाशी वडिलांची तुलना आता सोडून द्या. त्यांना भरून काढायचंय ते त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.