सान मिय्यान : दोन मठ आणि समासातील अक्षरे

स्पेन देश पाहावयास निघालेला प्रवासी माद्रिदची चित्रशाळा पाहतो, ग्रानादाचा अल्हाम्ब्रा पाहतो, कोर्दोबाच्या मशिदीतील खांबांच्या रांगांतून हिंडतो आणि देश पाहिल्याचे समाधान मानून परततो. त्यात त्याचा दोष नाही. परंतु आज सुमारे पन्नास कोटी माणसे जी स्पॅनिश भाषा बोलतात, तिच्या बाळपणाची खूण कोठे पाहावी असे कोणी विचारल्यास, आम्ही त्याला उत्तरेकडील ला रिओखा प्रांतातील एका खेड्याची वाट दाखवू. डोंगराच्या कुशीत, कार्देनास नदीच्या खोऱ्यात वसलेल्या त्या खेड्याचे नाव सान मिय्यान दे ला कोगोय्या. वस्ती अवघी दोन-तीनशे माणसांची. पण १९९७ साली युनेस्कोने येथील दोन मठांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

मिय्यान हा सहाव्या शतकातील एक साधू. तो मूळचा मेंढपाळ. येथील गुहांत त्याने तप केले, भोवती शिष्य जमले, आणि ५७४ साली एकशेएक वर्षांचा होऊन तो वारला अशी परंपरा आहे. ज्या डोंगरउतारावर तो राहिला तेथील मठास सूसो म्हणतात, आणि खाली गावात आहे तो यूसो. या नावांचा अर्थच मुळी ‘वरचा’ आणि ‘खालचा’ असा आहे.

प्रथम सूसो पाहावा. वास्तू नाजूक असल्यामुळे लोकांना लहान तुकड्या करून, छोट्या बसने वर नेतात. देऊळ लहानसे आहे. एका बाजूस खडकातील गुहा, दुसऱ्या बाजूस घोड्याच्या नालाच्या आकाराच्या कमानी. ख्रिस्ती उपासनेच्या या जागेत मुसलमानी अंदलुसच्या कलेची छाया स्पष्ट दिसते. इ. स. १००२ मध्ये अल-मन्सूरच्या स्वारीत येथे आग लागली असे सांगतात. पुढे राजांनी देऊळ वाढविले, बाराव्या शतकात साधूच्या समाधीवर त्याची दगडी प्रतिमा निजविली. भिंती पाहताना शतकांमागून शतके एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखे वाटते.

यूसोची उत्पत्ती आपल्याकडील एखाद्या क्षेत्राच्या माहात्म्यात शोभावी अशी आहे. १०५३ साली नवाराचा राजा गार्सिया साधूच्या अस्थी नाखेरा या आपल्या राजधानीस नेऊ लागला. खोऱ्यात येताच गाडीचे बैल अडले. काही केल्या पाऊल उचलीनात. साधूची इच्छा जाणून राजाने तेथेच मठ बांधला, अशी कथा आहे. आजची भव्य इमारत मात्र सोळाव्या ते अठराव्या शतकांतील आहे. साधूच्या अस्थिपेटीवरील अकराव्या शतकातील हस्तिदंती कोरीवकाम येथे अवश्य पाहावे. १८०९ साली फ्रेंच सैनिकांनी पेटीचे सोने व रत्ने ओरबाडून नेली. हस्तिदंताचे काही फलक परदेशांतील संग्रहालयांत गेले. जे उरले तेही थक्क करणारे आहे.

परंतु येथील खरे स्मारक दगडाचे नव्हे, शाईचे आहे. मठाच्या जुन्या संग्रहात साठ क्रमांकाची एक लॅटिन पोथी होती. ती वाचताना कोणा साधूला अडचण पडली असावी. त्याने समासात व ओळींच्या मध्ये कठीण शब्दांचे अर्थ लिहिले. शब्दांवर अक्षरे घालून त्यांचा क्रम लावला. संस्कृत श्लोकाचा आपण अन्वय लावतो तसाच तो प्रकार. यांतील बऱ्याच टीपा सोप्या लॅटिनमध्ये आहेत, शंभरांवर लोकांच्या बोलीत आहेत, आणि दोन बास्क भाषेत आहेत. एके ठिकाणी तर त्याने बोलीतच एक सबंध प्रार्थना बारा आखूड ओळींत लिहून काढली. स्वतःचे नाव त्याने कोठेही लिहिले नाही.

१९११ साली गोमेस मोरेनो हे विद्वान सूसोच्या वास्तूचा अभ्यास करीत होते. त्या निमित्ताने त्यांनी मठाच्या पोथ्या तपासल्या आणि या टीपा उतरवून मेनेंदेस पिदाल या भाषापंडिताकडे दिल्या. पिदालांनी १९२६ साली आपल्या ग्रंथातून त्या जगापुढे आणल्या. १९७७ साली स्पॅनिश भाषेची सहस्राब्दीही येथे साजरी झाली.

मात्र पुढे अभ्यासकांनी या टीपांचा काळ दहाव्याऐवजी अकराव्या शतकात आणला. त्यांची बोली शुद्ध कास्तिलियन नसून नवारा-आरागोनकडची आहे, असे अनेकांचे मत आहे. आणि बुर्गोसकडील वाल्पुएस्ता येथील दस्तऐवजांत याहून जुने शब्द आढळतात. मग सान मिय्यानचे महत्त्व कमी झाले काय? आम्हांस तसे वाटत नाही. भाषा काही एका दिवशी, एका गावी जन्मत नाही. पण न समजणाऱ्या थोर ग्रंथाचा अर्थ आपल्या घरच्या बोलीत लिहून ठेवण्याची धडपड येथे डोळ्यांना दिसते. याच मठात वाढलेल्या, शेजारच्याच गावच्या गोन्सालो दे बेर्सेओने तेराव्या शतकात साधूचे चरित्र लोकभाषेत पद्यात रचले. नावाने ठाऊक असलेला कास्तिलियनचा तो पहिला कवी. त्यानंतर थोड्याच दशकांनी, १२९० साली, आपल्याकडे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. परंतु दोन्हीकडची तळमळ ओळखीची वाटते.

ती मूळ पोथी मात्र आता गावात नाही. एकोणिसाव्या शतकात सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या, साधूंना बाहेर पडावे लागले, आणि पोथी माद्रिदच्या इतिहास अकादमीत गेली. गावात तिची प्रतिकृती पाहावयास मिळते. तरीही सूसोच्या कमानीखाली उभे राहिल्यावर ही उणीव जाणवत नाही. ग्रंथातील शब्द अडला म्हणून न लाजता त्याचा अर्थ आपल्या बोलीत लिहून ठेवणारा तो निनावी वाचक याच मठपरंपरेतला. प्रवाशाने त्याला मनोमन नमस्कार करावा आणि मगच डोंगर उतरावा.