शहाबादी फरशी आणि बिदरचा चुना

बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबादला आमचं आजोळ. वाड्याची दर्शनी भिंत जांभ्याची, तिच्यावर जुना चुन्याचा गिलावा. मामेबहिणीच्या लग्नाआधी मामांनी घाईघाईनं त्या भिंतीवर सिमेंट मारून घेतलं. तीन पावसाळे गेले आणि कमरेएवढ्या उंचीवर पांढरा खार फुटला. ठोकलं की भिंत पोकळ वाजायची. एका सकाळी परातीएवढा पोपडा खाली आला. मागे पाहिलं तर आजोबांच्या आधीपासून ऊन-पाऊस सोसलेला तो दगड नखानं उकरला जात होता.

गल्लीतले म्हातारे गवंडी बघायला आले. दगडावर हात फिरवून म्हणाले, "दादा, सिमिटानं कोंडलंय हिला. जमिनीतून वर चढलेलं पाणी आता जाईल कुठं?"

त्या दिवसापासून बिदर-कलबुर्गीकडच्या कुठल्याही जुन्या इमारतीसमोर उभा राहिलो की माझी नजर कमान-घुमटाच्या आधी गिलाव्याकडे जाते.

मराठी माणसाचा या भागाशी रोजचा संबंध आहे, फक्त तो पायाखालचा असल्यामुळे लक्षात येत नाही. आपल्या स्वयंपाकघरातली, अंगणातली, शाळेच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी ज्या शहाबादची, ते गाव कलबुर्गी जिल्ह्यातलं. भीमेच्या खोऱ्यातला हा चुनखडीचा दगड थराथरांनी बसलेला असतो. छिन्नी नेमक्या रेघेवर बसली की पापडासारखा सुटतो. हाच दगड भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजला की कळीचा चुना मिळतो. तोच दगड दळून, त्यात चिकणमाती मिसळून चौदाशे अंशांच्या वर तापवला की सिमेंटची क्लिंकर तयार होते. म्हणून तर वाडी, सेडम, मळखेड या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने दाटीनं उभे आहेत. मळखेड म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट. तिथला पडका किल्ला आणि कारखान्याची धुरांडी एकाच गावच्या हद्दीत बघायला मिळतात.

दगड एकच असला तरी भिंतीत गेल्यावर चुन्याचं आणि सिमेंटचं वागणं निराळं. चुना हळूहळू हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो, पण त्याची बारीक छिद्रं उघडी राहतात. भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडतो. सिमेंट लवकर धरतं, कडक होतं आणि पाणी अडवतं. अडलेलं पाणी मऊ दगडात मुरतं, सोबत आणलेले क्षार आतच सोडतं. त्या क्षारांचे स्फटिक फुगले की दगडाचा चेहरा सोलून निघतो. आमच्या मामांच्या भिंतीचं हेच झालं होतं.

बिदरला तर हा धोका दुप्पट. हे शहर जांभ्याच्या पठाराच्या काठावर वसलंय. जांभा खाणीतून काढताना मऊ, मग हवा लागून घट्ट होणारा. पण अंगानं कायम सच्छिद्र. अहमदशहा वली बहमनीनं पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी इथं हलवली, तेव्हा किल्ल्याचा तिहेरी खंदक याच खडकात कोरून काढला गेला. खंदकाच्या मधोमध खडकाच्याच भिंती उभ्या सोडल्यात. निघालेला दगड तिथल्या तिथं बांधकामाला वापरला असणार, हे पाहिल्यावर सहज पटतं.

गावात महमूद गवानचा मदरसा. 1472 सालचा, तीन मजली, इराणी धर्तीचा. गीलानहून आलेल्या या वजिराच्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखितं होती असं सांगतात. 1481 मध्ये त्याच्याच सुलतानानं खोट्या पत्रावर विश्वास ठेवून त्याचा शिरच्छेद करवला. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांच्या ताब्यात असताना इथं दारूगोळ्याचा भडका उडाला आणि दर्शनी बाजूचा एक मिनार, सोबत इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मिनारावर निळ्या-पिवळ्या झिलईदार फरशा अजून जागोजागी चिकटून आहेत. हिवाळ्यात सकाळी आठच्या सुमारास जा. पूर्वेचं ऊन थेट त्या फरशांवर येतं.

दुसरा मिनार पुन्हा का बांधत नाहीत, असं तिथं येणारे पुष्कळ जण विचारतात. माझ्या मते तो बांधला नाही हेच बरं. आज बांधला तर तो आपल्या कल्पनेतला मिनार होईल, आणि पन्नास वर्षांनी बघणाऱ्याला खरा कोणता ते कळणार नाही. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीत पडणारं थांबवायचं, गळणारं बंद करायचं, निखळलेले सांधे पुन्हा भरायचे. हरवलेलं मनानं रचायचं नाही. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी या इमारतींची मापं घेऊन 1947 मध्ये बिदरवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही दुरुस्ती करणाऱ्यांना उघडावा लागतो. काय उभं होतं आणि काय पडलं होतं, याची नोंद असल्यामुळेच हा संयम पाळता येतो.

खरा चुना करायला सवड लागते. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, तो उकळून शांत झाला की दिवसचे दिवस झाकून ठेवायचा, मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून घाणीत मळायचा. त्यात गुळाचं पाणी, हिरड्याचा किंवा बेलफळाचा काढा पडतो. चांगला मळलेला चुना थापीवरून लोण्यासारखा सरकतो आणि लावल्यावर कित्येक दिवस ओलसर ठेवावा लागतो. ठेकेदाराचं बिल मार्चअखेर निघायचं असतं, तिथं ही सवड कोण देणार? निविदेत चुना लिहायचा आणि त्यात हळूच सिमेंट मिसळायचं, हा मोह सगळीकडे आहे. पोत जुना दिसतो, रंग जुळतो. पाच-सहा वर्षांनी दगड बोलू लागतो.

पण बिदरच्या जुन्या-नव्याची खरी गाठ जमिनीखाली आहे. गावाच्या पश्चिमेला नौबादला बहमनी काळातली करेज आहे, लोक तिला सुरंग बावी म्हणतात. जांभ्यातून झिरपणारं पाणी खालच्या काळ्या पाषाणाला टेकतं आणि तिथून आडवं वाहतं. इराणी पद्धतीच्या या बोगद्यानं ते पाणी धरून दोन किलोमीटरहून जास्त लांब नेलं होतं. गाळ काढायला आणि हवा खेळायला थोड्या थोड्या अंतरावर उभ्या विहिरी. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं बिदर शहराचं नाव धोक्यातल्या वारसास्थळांच्या आपल्या 2014 च्या यादीत घेतलं. त्याच दशकात करेजमधला गाळ आणि कचरा उपसला गेला आणि बोगद्यात पुन्हा पाणी दिसलं. तोवर वरच्या माळावर प्लॉट पडले होते. काही विहिरी कचऱ्यानं बुजल्या होत्या, काहींच्या तोंडावर बांधकामं आली होती. नव्या घराचा पाया खणणाऱ्याला खाली काय आहे हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याला दोष देऊन काय उपयोग? बोगद्याची वाट लेआउट मंजूर करण्याच्या नकाशावर ठळक रेघेनं दाखवली गेली पाहिजे, आणि शोषखड्ड्यांनाही तिथं मनाई हवी.

जमिनीवरच्या इमारतींसाठी कायदा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम चालत नाही, त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी लागते. मदरशाच्या आसपास पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना हे जाचक वाटतं आणि त्यांची तक्रार खोटी नाही. मुलाचं लग्न झालं, वर एक खोली हवी, तर हात बांधलेले. दुरुस्तीला मात्र परवानगी मिळते. ही परवानगी लवकर आणि जवळच्या कचेरीत मिळाली, सोबत चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळाला, तर हीच माणसं स्मारकाची पहिली राखणदार होतील. कलबुर्गीच्या किल्ल्यात तर वस्तीचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. आणि त्याच किल्ल्यात, जपायलाच हवी अशी, 1367 ची जामा मशीद आहे. काझवीनच्या रफीनं बांधलेली, उघडं अंगण नसलेली, साऱ्या जागेवर लहान-मोठ्या घुमटांचं छत घातलेली. बाजूच्या बुटक्या, रुंद कमानींखालून चालताना आवाज आपोआप खाली येतो.

नवं बांधकाम नकोच, असं म्हणणारा मी नाही. हा भाग फार वर्षं मागे पडला. संविधानाच्या 371 (जे) कलमाचा खास दर्जा मिळाला, 2017 मध्ये बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, 2019 मध्ये कलबुर्गीला विमानतळ आला. ज्यांनी दवाखान्यासाठी सोलापूर-हैदराबाद गाठलंय, त्यांना याची किंमत कळते. बसवकल्याणला 770 खांबांच्या नव्या अनुभव मंटपाचा पाया 2021 च्या जानेवारीत घातला गेला. ते नव्यानं उभारायचं स्मारक आहे, सिमेंट तिथं शोभेल. करेजच्या तोंडावर आणि जांभ्याच्या अंगावर ते शोभत नाही.

बिदरच्या जुन्या भिंतींशी तिथल्या बिदरी कलेच्या कारागिरांचंही नातं आहे. त्यांच्याकडे एकदा तासभर बसलो होतो. जस्त-तांब्याच्या भांड्यावर चांदीची तार ठोकून झाली की शेवटी ते किल्ल्यातली माती नवसागराबरोबर गरम पाण्यात कालवून चोळतात. धातू काळा कुळकुळीत होतो, चांदी तशीच पांढरी राहते. ही माती जुन्या भिंतींच्या आडोशाची, ऊन-पाऊस न लागलेली हवी. तिच्यात सोऱ्याचा अंश असतो. कारागिरानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली, क्षणभर थांबला आणि मान हलवली.

मामांच्या भिंतीवरचं सिमेंट आम्ही गेल्या उन्हाळ्यात उतरवलं. गवंडीबाबांनी दगड ब्रशनं झाडला, आठवडाभर कागदाचा ओला लगदा लावून क्षार ओढून घेतले आणि मग चुन्याचा पहिला हात दिला. मामी रोज संध्याकाळी त्यावर पाणी शिंपडत होत्या. दुसरा हात दत्तजयंतीच्या जत्रेनंतर द्यायचा ठरलाय, तोवर भिंत तशीच खरबरीत आहे.