मावळातील भातशेतीस एक जोडधंदा : घरांच्या छपरांची सफाई

मावळ तालुका हा पुणे जिल्ह्यातील भाताचा मुलूख होय. वडगाव मावळ येथील भात संशोधन केंद्राने १९८७ साली प्रसारित केलेल्या ‘इंद्रायणी’ वाणाने ह्या मुलखाचे नाव दूरवर पोहोचविले आहे. परंतु भाताचे पीक शेतकऱ्यास जून ते नोव्हेंबर एवढेच महिने पुरते काम देते. जेथे रब्बीस पाणी नाही, तेथे फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत तरुण हात रिकामे राहतात. नेमक्या ह्याच महिन्यांत लोणावळा-खंडाळ्याच्या बंगल्यांची छपरे पावसाळ्यापूर्वी साफ करून घ्यावी लागतात. हे काम पद्धतशीरपणे अंगावर घेतल्यास तो एक उपयुक्त जोडधंदा होऊ शकेल. मात्र ह्या धंद्यात पैशाच्या भांडवलापेक्षा सावधगिरीचे भांडवल अधिक लागते, हे प्रथमच सांगणे अवश्य आहे.

धंद्यास क्षेत्र

लोणावळा घाटमाथ्यावर असल्याने तेथे वर्षाकाठी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेस तळेगाव दाभाड्याकडे तो झपाट्याने कमी होत जातो. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून येथे मुंबईकरांचे बंगले वाढत गेले. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्णपणे खुला झाल्यावर त्यांत आणखी भर पडली. ह्यांपैकी बहुतेक घरे आठवड्याचे पाच दिवस बंद असतात. छपरावर शेवाळ चढते, नेचे उगवतात, पन्हळी पाल्याने तुंबतात, वानरे कौले हलवितात. आणि मालकास ह्याचा पत्ता छत गळू लागल्यावरच लागतो. शेवाळ पाणी धरून ठेवते. त्या ओलीने रिपा व वासे कुजतात आणि पाठोपाठ वाळवी येते.

मावळच्या शेतकऱ्यास छपराचे काम नवे नाही. वैशाखात घराची शाकारणी करण्याची रीत येथे जुनी आहे. त्याच कसबास योग्य साधने, मोजमाप व हिशेब यांची जोड द्यावयाची आहे.

छपरांची ओळख

चढण्यापूर्वी छप्पर कोणत्या जातीचे आहे ते ओळखावे.

मंगळुरी कौले : भाजलेल्या मातीची ही कौले रिपांवर टेकलेली असतात. पाऊल टाकणे भागच पडल्यास कौलाच्या मध्यावर न टाकता, खाली रिपेचा आधार असेल तेथेच टाकावे.

जस्ती किंवा रंगीत लोखंडी पत्रे : ह्यांवर फक्त मऊ कुंचा व साधे पाणी वापरावे. क्लोरीनयुक्त औषधाने जस्ताचा थर खराब होऊन पत्रा गंजतो.

सिमेंटचे पत्रे : जुन्या सिमेंट-पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. घासल्याने ते हवेत मिसळून फुप्फुसात जातात व पुढे कर्करोगासही कारण होतात. शिवाय हे पत्रे ठिसूळ असून माणसाच्या भाराने एकाएकी फुटतात. सबब असे छप्पर साफ करण्याचे काम स्वीकारूच नये. शिडीवर उभे राहून पन्हळीतील पाला ओला करून काढावा व तेवढ्यावरच थांबावे.

सिमेंटची गच्ची : येथे मुख्य काम पाणी जाण्याची तोंडे मोकळी करण्याचे असते. नव्या माणसाने आरंभ येथून करणे हिताचे. कठडा नसल्यास कडेपासून दूर राहावे.

साहित्य

दोन शिड्या लागतात. एक जमिनीवरून चढण्यासाठी आणि दुसरी आढ्यावर आकड्याने अडकवून छपरावर पसरण्यासाठी. दुसऱ्या शिडीमुळे भार अनेक कौलांवर वाटला जातो. ह्याशिवाय मऊ व ताठ असे दोन कुंचे, लाकडी उलथणे, गोणपाटे, ताडपत्री, बादल्या, हातमोजे, नाकावरची जाळी, डोळ्यांचा चष्मा व रबरी तळाची न घसरणारी पादत्राणे घ्यावीत. संपूर्ण शरीराचा सुरक्षा-पट्टा भारतीय मानक ३५२१ चा व शिरस्त्राण भारतीय मानक २९२५ चे असावे. ह्या दोन वस्तूंत काटकसर करू नये, व त्या वापरलेल्या विकत घेऊ नयेत.

औषध मारण्यास शेतीचा पंप चालतो. परंतु तणनाशकाचा पंप कदापि वापरू नये. त्यातील अवशेषांनी बंगल्याची बाग जळण्याचा धोका असतो. १६ लिटरचा भरलेला पंप पाठीवर घेऊन उतारावर चढू नये. पंप खाली ठेवून लांब नळीने फवारावे. उच्च दाबाचे धुलाईयंत्र कौलांवर वापरू नये, कारण त्याने कौलाची वरची कातडी निघते व पाणी सांध्यांतून आत शिरते.

कामाची रीत

१. प्रथम घराच्या आतून, पोटमाळ्यावर जाऊन पाहणी करावी. उजेडाची भोके व वाशांवरील ओलीचे डाग टिपून घ्यावेत. फुटक्या कौलांची छायाचित्रे काम सुरू होण्यापूर्वीच मालकास पाठवावीत, म्हणजे पुढे वाद राहत नाही.

२. काम एप्रिल व मेच्या पूर्वार्धात उरकावे. ह्या दिवसांत शेवाळ वाळून सुटते. वळवाची एक सर आली तरी तेच शेवाळ निसरडे होते. अशा दिवशी चढू नये.

३. सफाई आढ्याकडून वळचणीकडे करावी. खालून वर घासल्यास कौले उचलली जातात व कचरा आत जातो.

४. निघालेला पाला व शेवाळ पन्हळीत न ढकलता गोणपाटात भरावे. औषध न लागलेला हा पाला कंपोस्टच्या खड्ड्यात टाकण्यास उत्तम होय.

५. फुटकी कौले बदलावीत व सरकलेली जागेवर बसवावीत.

६. कौलांवर काळे डाग राहिल्यासच औषध वापरावे. १० टक्के सोडियम हायपोक्लोराइटच्या एका भागात चार भाग पाणी मिसळले असता २ टक्क्यांचे द्रावण होते. ते लावून १५ ते २० मिनिटांनी, वाळण्यापूर्वी, साध्या पाण्याने धुवावे. त्यात आम्ल किंवा संडास साफ करण्याचे औषध कधीही मिसळू नये. त्यापासून विषारी क्लोरीन वायू निघतो.

७. औषधापूर्वी व नंतर खालची झाडे पाण्याने भिजवावीत. पावसाचे पाणी टाकीत किंवा विहिरीत नेणारी नळी सोडवून ठेवावी. मोरचूद शेवाळ मारते खरे, पण ते माशांस अत्यंत घातक आहे. इंद्रायणीचा उगम लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे आहे व येथील ओढे तिलाच मिळतात, ह्याचे भान राखून त्याचा वापर टाळावा.

पडण्यापासून बचाव

छपरावरून पडणे हा ह्या धंद्यातील सर्वांत मोठा धोका आहे. पाठीचा कणा मोडला तर त्या वर्षाची लावणी कोण करील, हा प्रश्न प्रत्येकाने चढण्यापूर्वी स्वतःस विचारावा. एका हंगामाची मिळकत एका अपघातात जाते; एवढेच नव्हे, तर जमीन गहाण पडते.

म्हणून एकट्याने काम करू नये. एक माणूस वर व निदान एक खाली असावा. शिडी चार मीटर उंचीस पायथ्याशी एक मीटर पुढे लावावी, वरचे टोक वळचणीच्या वर एक मीटर ठेवावे व ते बांधून घ्यावे. सुरक्षेचा दोर आढ्यावरून पलीकडे टाकून पक्क्या खांबास किंवा मोठ्या झाडाच्या बुंध्यास बांधावा. पन्हळ, रिप किंवा मोटारगाडीस बांधू नये. विजेची तार छपराजवळून जात असल्यास धातूची शिडी वापरू नये. गांधीलमाशांचे पोळे व कौलांखालील साप यांची आधी पाहणी करावी. अपघात झाल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व जखमीस ओढाताण करून उचलू नये.

मोजमाप व हिशेब

दर अंदाजाने सांगू नये. समजा, वळचणीसह घराची जमिनीवरील मोजणी १० × ८ मीटर, म्हणजे ८० चौरस मीटर आहे. छपराचा उतार ३० अंश असल्यास तिला १.१५ ने गुणावे. छपराचे क्षेत्र ९२ चौरस मीटर येते. त्यावर दर ठरवावा.

दरात मजुरी, प्रवास, औषध, फुटणारी कौले व साहित्याची झीज धरावी. उदाहरणादाखल, साहित्यास ३०,००० रुपये लागले व ते तीन हंगाम, दर हंगामी ४० दिवस वापरले, तर दिवसास २५० रुपये झीज पडते. घरच्या माणसांची मजुरी हिशेबात न धरणे ही नेहमीची चूक होय. त्यामुळे तोट्याचा धंदा नफ्याचा भासतो. कोणते काम दरात आहे व कोणते नाही, हे लेखी द्यावे. सुरक्षा-पट्ट्याचा खर्च कमी करून दर उतरविणाऱ्याशी चढाओढ करू नये.

धंद्याची ‘उद्यम’ नोंदणी विनाशुल्क होते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाख रुपयांचा अपघात विमा मिळतो. त्यासाठी १८ ते ७० वयाच्या व्यक्तीचे बँकेत किंवा टपाल कार्यालयात खाते असावे लागते. वर चढणाऱ्या व खाली थांबणाऱ्या प्रत्येकाने तो काढलाच पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

जानेवारीत गावातील इच्छुक तरुणांची यादी करावी व चार-पाच जणांचा गट बांधावा. शिडी, दोर व पट्टा यांचे प्रात्यक्षिक जाणकार माणसाकडून एखाद्या बैठ्या घरावर करून दाखवावे. खालचे काम, मोजमाप व हिशेब महिला बचत गटही सांभाळू शकेल. बंगल्यांचे राखणदार व माळी बहुधा आसपासच्या गावांतीलच असतात; त्यांच्यामार्फत मालकांशी संपर्क साधावा. पहिल्या हंगामात गच्च्या व बैठी कौलारू घरे एवढीच कामे घ्यावीत. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते. त्यापूर्वी दोर, पट्टे व शिड्या तपासून, कोरड्या करून घरी ठेवाव्यात आणि भाताच्या रोपवाटिकेकडे वळावे.