आधी सोडायला शिका

सोलापूरच्या नवी पेठेत कापड घ्यायला आलेली बाई आधी भाव विचारत नाही. ठाणातलं चार बोटं कापड ओढते, चिमटीत चुरगळते, मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघते. दोरही असाच निवडायचा असतो. काथ्याचा दोर किंवा सुंभ मनगटावर घासला की कातडी लाल होते. नायलॉनची बारीक दोरी गुळगुळीत लागते, पण ताण पडला की मांसात रुतते आणि तिची गाठ नखांनीही निघत नाही. करंगळीपेक्षा बराच बारीक, म्हणजे सहा ते आठ मिलिमीटर जाडीचा, मऊ सुती दोर पहिल्या वेळेला बरा.

दोन सज्ञान माणसं राजीखुशीने, शृंगाराचा भाग म्हणून एकमेकांना दोराने बांधतात, त्या पहिल्या वेळेच्या तयारीबद्दल मी लिहितो आहे. हे सिनेमात दिसतं, मोबाइलवर दिसतं, पण त्यामागची तयारी कुणी दाखवत नाही. शयनगृहातल्या गोष्टी मराठीत सरळ सांगण्याची वाट र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून पाडली आणि त्यापायी खटलेही सोसले. इतक्या वर्षांनंतर तरी संकोचापायी कुणाचा हात लुळा पडू नये, असं मला मनापासून वाटतं. अशी आवड म्हणजे आजार आहे का, ही शंकाही आधी दूर करतो. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची नवी यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या यादीत दोघांच्या संमतीने जोपासलेल्या अशा आवडीला आजार म्हटलेलं नाही.

जपानमध्ये कैद्यांना दोराने बांधण्याची होजोजुत्सु नावाची विद्याच होती. शृंगारातल्या बांधणीला, म्हणजे किनबाकूला, विसाव्या शतकात तिथेच रूप आलं. आपल्याकडे दोर आणि शरीर यांची गाठ पडते ती मल्लखांबात. दोरीच्या मल्लखांबावर मुली पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोर पकडून वर चढतात, मांडीला, कमरेला वेढे घेऊन आसनं करतात, पण गाठ कुठेही मारत नाहीत. वेढा त्यांचा, सुटणंही त्यांच्याच हाती. शृंगारातल्या बांधणीत सुटणं दुसऱ्याच्या हाती जातं. सगळी तयारी करायची ती एवढ्यासाठीच.

म्हणून आधी बोलणं, दोर नंतर. आणि हे बोलणं दिवसाउजेडी, चहा पिताना व्हावं, अंथरुणात नव्हे. काय चालेल, काय मुळीच चालणार नाही, खांदा कधी निखळला होता का, मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे सगळं विचारायचं. लग्न झालंय म्हणून होकार गृहीत धरू नये. भीतीपोटी दिलेली संमती ही कायद्याच्या लेखीही संमती नाही. थांबण्यासाठी एक शब्द ठरवावा. ‘नको’ लाडातही म्हटलं जातं, म्हणून एरवी त्या वेळी तोंडात येणार नाही असा शब्द हवा. सोलापूरकरांनी ‘चादर’ ठरवावा. तो उच्चारला की कारण न विचारता दोर सोडायचा. त्या दिवशी दारू नको, उपाशीपोटी नको, आणि फोटोही नको.

बांगड्या, अंगठी, घड्याळ, मंगळसूत्र आधी काढून ठेवावं. दोराखाली काचेची बांगडी पिचली तर रक्त निघायला वेळ लागत नाही.

खरा धोका नसांचा. दंडाच्या मध्यावर, मागून बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला चिकटून जाते. तिच्यावर दाब राहिला तर मनगट उचलता येत नाही, पंजा लोंबतो. कोपराच्या आतल्या बाजूला, टेबलावर आपटलं की झिणझिण्या येतात ती जागा, आणि गुडघ्याच्या किंचित खाली बाहेरच्या बाजूची जागाही तितकीच नाजूक. या तिन्ही ठिकाणी दोर नको. गळ्याला तर कधीच नको, गमतीतही नको. हात गार किंवा निळसर पडला तर रक्त अडलं हे लगेच कळतं. नस दबते तेव्हा रंग बदलेलच असं नाही. म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी बांधलेल्या माणसाला बोटं ताठ करायला, मनगट वर उचलायला सांगावं. मुंग्या, बधिरपणा, जोर कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर ‘अजून थोडा वेळ’ म्हणायचं नाही.

मनगटावर दोराचे दोन-तीन वेढे शेजारी शेजारी बसवावेत म्हणजे दाब पसरतो, आणि दोराखालून एक बोट सहज फिरलं पाहिजे. गावाकडे जनावर दावणीला बांधताना सुरगाठ मारतात, मोकळं टोक ओढलं की सुटते. तीच इथे हवी. निरगाठ नको, ओढल्यावर आवळत जाणारा सरकफास तर अजिबात नको. पहिल्या वेळी दहा मिनिटं पुष्कळ झाली, तीही बसून किंवा आडवं पडून. उभं राहून हात बांधले आणि तोल गेला तर सावरायला हात नसतात. टांगून घेण्याचा विचारही करू नये.

पेठेतल्या घरात कधी बेल वाजेल, कधी सासूबाई हाक मारतील, सांगता येत नाही. तरी बांधलेल्या माणसाला एकटं सोडून दार उघडायला जायचं नाही. आधी सोडायचं, मग दार. पट्टी कापायची बोथट टोकाची कात्री औषधांच्या दुकानात मिळते. ती हाताच्या अंतरावर ठेवावी, आणि वेळ आली तर दोराच्या पैशांकडे बघू नये. आदल्या दिवशी स्वतःच्या मांडीला दोर बांधून, घड्याळ लावून सोडून पाहावा. अर्ध्या मिनिटात सुटत नसेल तर दुसऱ्याला बांधायची वेळ अजून आलेली नाही.

सोडल्यावर लगेच उठून कामाला लागू नये. चादर पांघरावी, पाणी द्यावं, जवळ बसावं. दोराचे वळ काही तासांत जातात. पण मनगट उचलत नसेल, पाऊल ओढलं जात असेल किंवा बधिरपणा तसाच असेल, तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांकडे जा, आणि दोर कुठे बांधला होता, किती वेळ होता, हे त्यांना खरं सांगा.