कलेचा इतिहास आणि नाट्यशास्त्र : एकत्र अभ्यासाची वाट

बारावीचा निकाल लागला की शाळा सोडून दोन वर्षे झालेली आपली मुले-मुली पालकांना घेऊन पुन्हा आमच्या कार्यालयातील बाकावर येऊन बसतात. अभियांत्रिकी, परिचर्या, स्पर्धा परीक्षा यांविषयीचे प्रश्न आम्हांस सरावाचे झाले आहेत. मात्र काही वर्षांपूर्वी एका माजी विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाने आम्ही निरुत्तर झालो. तिला नाटक शिकायचे होते आणि लेण्यांतील चित्रशिल्पांचा इतिहासही शिकायचा होता. दोन्ही विषय विद्यापीठात एकत्र घेता येतील का, असे तिने विचारले. तिचे वडील शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "सर, लेणी बघायला रविवार आहे, नाटकाला गॅदरिंग आहे. त्याला कॉलेज कशाला?"

हा प्रश्न अज्ञानातून आलेला नव्हता. दिवसभर राबून मुलीचे शिक्षण करणाऱ्या माणसाचा तो रोखठोक प्रश्न होता. त्या दिवशी आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या बापलेकींना उशिराने दिलेले उत्तर आहे.

प्रथम आमचीच एक चूक सांगतो. एका वर्षी स्नेहसंमेलनात आम्ही सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग बसविला. भाड्याने पोशाख आणले : मखमली अंगरखा, जरीचा शेला, चुडीदार, टोकदार मोजड्या. राजपुत्र शोभून दिसला, पालकांनी टाळ्या वाजविल्या, छायाचित्रे निघाली. त्याच हिवाळ्यात मुलांना घेऊन आम्ही कान्हेरीला गेलो. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील, सातवाहन काळातील हे काम. डोक्यास भरदार पागोटे, कानांत जड कुंडले, कमरेस नेसलेले वस्त्र व त्यावर पट्टा. वरचे अंग मात्र उघडे. सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, यांच्या अंगात सदरा का नाही? आपल्या सिद्धार्थाला तर होता." आम्ही कोणीच उत्तर देऊ शकलो नाही.

उत्तर शोधताना ध्यानात आले की आमचा सिद्धार्थ लेण्यांतून आलाच नव्हता. तो आला होता छापील चित्रांतून, चित्रपटांतून आणि दूरदर्शन मालिकांतून. आणि या सर्वांच्या मागे उभी होती ती संगीत नाटकांची रंगभूमी. त्या काळच्या नाटक मंडळ्यांचे राजवाडे व उपवने रंगविलेल्या पडद्यांवर असत आणि ते पडदे रंगविणारे चित्रकारच होते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे त्यांपैकी एक. पुढे त्यांनीच महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. पडदा रंगविणारा हात, चित्रपटाचा देखावा उभारणारा हात आणि आपल्या मनातील 'प्राचीन काळ' घडविणारा हात, हे पुष्कळदा एकच होते. आता ही गोष्ट कोणत्या विषयात शिकवावी? चित्रकलेच्या इतिहासात म्हणावे तर पडदा नाटकाचा. नाटकाच्या इतिहासात म्हणावे तर तो चित्रकाराचा. आमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे मूळ नेमके येथे आहे.

याहून बोलके उदाहरण अजिंठ्यात आहे. सोळाव्या लेण्यातील एक चित्र युरोपीय अभ्यासकांच्या काळापासून 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने प्रसिद्ध झाले. आसनावर बसलेली एक स्त्री ग्लानी आल्यासारखी कलंडली आहे, डोळे मिटत आहेत, दासी तिला सावरीत आहेत. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्यातील चित्रांच्या प्रतिकृती केल्या. या चित्रातील करुण भावाने तेही भारावून गेले होते. चित्राची रेषा, रंग, भाव सर्व पाहिले गेले. प्रसंग मात्र हाती लागला नव्हता. पुढील अभ्यासकांनी त्याच चित्रात मुकुट घेऊन उभ्या असलेल्या सेवकाकडे लक्ष वेधले. तो मुकुट नंदाचा. नंद हा बुद्धांचा सावत्र भाऊ. त्याने प्रव्रज्या घेतली, त्याचा मुकुट घरी परत आला आणि तो पाहून पत्नी सुंदरी कोसळली. ती मरत नाही. तिला वार्ता कळली आहे, आणि ती एका शब्दावाचून, केवळ एका वस्तूमुळे कळली आहे.

नाटक बसविणाऱ्या कोणालाही हे तत्काळ उमजेल. रंगमंचावर एक वस्तू आणली जाते आणि पात्राचे आयुष्य उलटते. चित्रकाराने मुकुट कोठे ठेवला, दासींच्या माना कोणीकडे वळविल्या, कोणाला बातमी अगोदर कळली आहे असे दाखविले, हे सारे दिग्दर्शकाचे प्रश्न आहेत. उलटपक्षी, स्तंभ आणि दारे यांनी एका भिंतीवर अनेक प्रसंग कसे वेगळे करावेत, एकच पात्र त्याच चित्रात दोन-तीन ठिकाणी आले तरी पाहणाऱ्याचा गोंधळ का होत नाही, हे अजिंठ्यात समजून घेतलेला विद्यार्थी रंगमंचावरील जागेचा विचार अधिक जाणतेपणाने करील.

नंद-सुंदरीची ही कथा 'सौंदरनंद' या महाकाव्यात सांगणारा अश्वघोष स्वतः नाटककार होता, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक नसते. त्याचे 'शारिपुत्रप्रकरण' हे नाटक शारिपुत्र व मौद्गल्यायन यांच्या धम्मप्रवेशावर आहे. ते अनेक शतके लुप्त होते. मध्य आशियात जर्मन मोहिमेच्या हाती लागलेल्या ताडपत्रांच्या तुकड्यांतून हाइनरिख ल्यूडर्स यांनी ते ओळखले व १९११ मध्ये प्रसिद्ध केले. संस्कृत नाटकांची जी सर्वांत जुनी हस्तलिखिते आज उपलब्ध आहेत, त्यांत या तुकड्यांची गणना होते. एवढ्या गंभीर विषयाच्या नाटकात विदूषकही आहे! आमच्या संमेलनांतील धम्मविषयक नाटके इतकी करडी का असतात, असा प्रश्न तेव्हापासून आम्ही स्वतःस विचारू लागलो आहोत.

दोन्ही कला एकत्र शिकण्याचा विचार पाश्चात्त्य विद्यापीठांनी प्रथम केला असेही नाही. 'विष्णुधर्मोत्तर' पुराणातील चित्रसूत्रात राजा वज्र मार्कंडेय ऋषींकडे मूर्ती घडविण्याची विद्या मागतो. त्याला उत्तर मिळते ते असे की मूर्तीसाठी चित्र जाणले पाहिजे, चित्रासाठी नृत्य, आणि नृत्यासाठी वाद्य व गीत. राजाला आलेला कंटाळा आम्ही समजू शकतो; परंतु मुद्दा बिनतोड आहे. हाताची मुद्रा, डोळ्यांची दिशा, शरीराचा तोल या गोष्टी दगडात, रंगात आणि रंगमंचावर एकाच शरीराच्या भाषेतून येतात.

आधुनिक काळात ही सांगड आपल्या आयुष्यात घालणारे ठळक नाव म्हणजे इब्राहिम अल्काझी. जन्म पुण्याचा, १९२५ चा. महाविद्यालयीन शिक्षण मुंबईत, नाट्यशिक्षण लंडनच्या रॉयल अकॅडमीत. मुंबईत 'थिएटर युनिट' चालविताना त्यांचा वावर हुसेन, सूझा, पदमसी यांसारख्या चित्रकारांत होता. १९६२ ते १९७७ या काळात ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. 'अंधा युग' त्यांनी फिरोजशाह कोटल्याच्या भग्न अवशेषांत केले. म्हणजे वास्तूच नाटकातील पात्र झाली. १९७७ मध्ये त्यांनी पत्नी रोशन यांच्यासह 'आर्ट हेरिटेज' हे कलादालन सुरू केले. रोशन अल्काझी नाटकांची वेशभूषा करीत, आणि त्यांनी प्राचीन भारतीय वेशभूषेवर लिहिलेला ग्रंथ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिल्पे व चित्रे पाहून त्यांतील वस्त्रे कशी नेसली जात असतील याची आकृत्यांसह केलेली ती मांडणी आहे. मखमली अंगरखा भाड्याने आणण्यापूर्वी आम्ही ती पाहिली असती तर!

अर्थात सगळे प्राचीन लोक उघड्या अंगाने वावरत, असा नवा गैरसमजही नको. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकातील नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचा शिवलेला पोशाख आहे, आणि ती ज्या राजदांपत्यासमोर नाचते आहे ते न शिवलेल्या वस्त्रांत आहे. कोण काय घालतो, यामागे व्यवसाय, दर्जा, प्रदेश असे पुष्कळ असते. ते वाचता येणे म्हणजेच कलेच्या इतिहासाचा अभ्यास.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. रंगभूमी आपणांस परकी नाही. आंबेडकरी जलशांनी ज्या काळी गावोगाव विचार पोहोचविला, त्या काळी आपल्या वस्त्यांत पुस्तके अत्यल्प होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेथील प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. पुढे दत्ता भगत, प्रेमानंद गज्वी यांनी मराठी रंगभूमीवर आपले प्रश्न आपल्या भाषेत मांडले. लेण्यांच्या बाबतीत मात्र आपण अजून बहुतांशी यात्रेकरूच आहोत. वंदना करतो, छायाचित्र काढतो, परततो. तेथील भिंतींवर काय आहे, हे सांगणारी आपली माणसे फार थोडी आहेत. त्या मुलीला हीच उणीव जाणवली होती. वडिलांनी म्हटलेल्या रविवारात ती भरून निघणारी नाही.

आता प्रत्यक्ष वाट कशी आहे, ते सांगतो. ग्लासगो विद्यापीठासारख्या ठिकाणी कलेचा इतिहास आणि रंगभूमी-अभ्यास यांची संयुक्त पदवी मिळते. आपल्याकडे हे विषय बहुधा वेगवेगळ्या दारांतून शिकावे लागतात, आणि विद्यार्थ्याने स्वतःच ते जोडून घ्यावे लागतात. वाकोल्याच्या मुलांना एक दार अगदी जवळ आहे. हंसभुग्रा मार्गाने चालत गेले तरी मुंबई विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल लागते. तेथील 'अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स' २००३ मध्ये सुरू झाली. वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. तेथे नाट्यकलेचे दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्याआधीच्या पदवीसाठी प्राचीन भारतीय संस्कृती हा विषय घेता येतो. पार्ल्याचे साठ्ये किंवा धोबी तलावचे सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यासाठी परिचित आहे. पालीचा अभ्यासही जोडता आला तर जातककथा मुळातून वाचता येतील. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाचे पदवी व पदव्युत्तर असे दोन्ही शिक्षण आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५० मध्ये स्थापन झालेली ललित कला विद्याशाखा कलेच्या इतिहासासाठी नावाजलेली आहे, आणि त्याच विद्यापीठात नाट्यविभागही आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या विद्याशाखेतील विषय घेण्याची सोय केली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास मुभा दिली. तरीही एक इशारा आवश्यक आहे. प्राध्यापक पदासाठीच्या नेट परीक्षेत दृश्यकला आणि प्रयोगकला हे स्वतंत्र विषय आहेत. म्हणून पदव्युत्तर पातळीवर कोणता विषय मुख्य धरायचा, हे वेळीच ठरवावे लागते. दोन्ही दगडांवर पाय ठेवायला हरकत नाही. पण भार कोणत्या पायावर आहे, हे माहीत असावे.

पोटापाण्याचे काय? खोटी आशा आम्ही दाखविणार नाही. संग्रहालयांतील व विद्यापीठांतील जागा थोड्या असतात. नेपथ्य, वेशभूषा, चित्रपट व मालिकांसाठी कालसंशोधन, शाळांतील नाट्यशिक्षण, वारसास्थळांवर मार्गदर्शन, संग्रहालयांतील बालविभाग, अशी कामे आहेत. त्यांतील बरीच कंत्राटी असतात आणि पहिली काही वर्षे ओढाताणीची जातात. घरात दुसरी मिळकत नसेल तर या वर्षांचा हिशेब प्रवेशापूर्वी मांडावा.

शिक्षणाच्या खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२-२३ च्या नियमांत मात्र भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास या विषयांवरील अभ्यास वगळण्यात आला. म्हणजे अजिंठ्यावर परदेशात संशोधन करू पाहणाऱ्या आपल्या मुलास त्या योजनेचे दार बंद झाले. याचे आम्हांस वाईट वाटते, आणि ते येथे नोंदवून ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. अर्ज भरण्यापूर्वी चालू वर्षाचे नियम अवश्य वाचावेत.

त्या विद्यार्थिनीने शेवटी प्राचीन भारतीय संस्कृती घेऊन पदवी पूर्ण केली. संध्याकाळी ती नाट्यशिबिरांना जात असे आणि शनिवार-रविवारी शिकवण्या करीत असे. वडिलांचा विरोध मावळला असे म्हणता येणार नाही. पण गेल्या वर्षी ते तिच्याबरोबर कान्हेरीला आले होते आणि तिसऱ्या लेण्यासमोर तिचे बोलणे संपेपर्यंत उभे होते, असे तिने आम्हांस सांगितले.

यंदाच्या संमेलनासाठी तिने आमच्या मुलांना नंद-सुंदरीचा प्रसंग बसवून देण्याचे मान्य केले आहे. भाड्याचे पोशाख नाहीत. साधे सुती कापड घेतले आहे, आणि ते नेसण्याचा सराव आठवीची मुले वसतिगृहाच्या गच्चीवर करीत आहेत. पहिल्या दिवशी तिघांची वस्त्रे चालता चालता सुटली. मुकुट पुठ्ठ्याचा आहे. तो हाती धरून येणाऱ्या सेवकाला एकही वाक्य नाही, आणि तरीही ती भूमिका मिळावी म्हणून पाच मुलांनी नावे दिली आहेत.